नावाची वाइन, बिननावाची द्राक्षं

फ्रान्समधल्या बोर्दो शहरातून पेसाक या उपनगराच्या ट्राममध्ये बसलं की वाटेत ऐतिहासिक वगैरे काहीच दिसत नाही. फ्लॅटच्या इमारती, सुपरमार्केट, टायरचं दुकान, सॅक अडकवलेली कॉलेजची पोरं चढतायत उतरतायत, आणि मग अव्हेन्यू जाँ जोरेस नावाच्या चांगल्या रहदारीच्या रस्त्यावर जुनी दगडी भिंत लागते आणि भिंतीपलीकडं थेट द्राक्षबाग. थोडीथोडकी नाही, ५० हेक्टरच्या वर, म्हणजे आपले सव्वाशे एकर. चारी बाजूंनी शहर आणि मधोमध बाग. ही शातो ओ-ब्रियों (शातो म्हणजे वाइन करणारी बाग आणि तिचा वाडा). जगातल्या सगळ्यात मानाच्या रेड वाइनपैकी एक या भिंतीच्या आत तयार होते, पाचशे वर्षांपासून होते, आणि बाहेर सिग्नलला गाड्या हॉर्न मारतायत.

मी निफाड तालुक्यातली. घरची द्राक्षबाग आहे, आता तात्या, म्हणजे माझे धाकटे काका बघतात, आणि मी सॉफ्टवेअरमध्ये. पण द्राक्षाच्या घरात जन्मलं की कुठल्याही देशात गेलं तरी वेल दिसली की पाय थांबतात, आधी खोड बघायचं, मग काडी, मग खाली जमीन. बायका साडीचा पोत बघतात म्हणतात ना, मला साडीतलं कळत नाही, जमिनीतलं कळतं थोडंफार. ओ-ब्रियोंला आत जायला आधीपासून अपॉइंटमेंट वगैरे लागते, त्या भानगडीत मी पडले नाही, भिंतीच्या कडेनं आणि गेटातून जेवढं दिसलं तेवढं पोटभर बघितलं. आणि पहिली गोष्ट डोक्यात आली ती ही, की अरे देवा, काय ही जमीन!

नुसते गोटे. गारगोट्या, रेती, जाडंभरडं खडं, वर माती म्हणून काही दिसतच नाही, चिकणमाती आहे ती खाली. आमच्याकडच्या काळ्या जमिनीत वाढलेल्या माणसाला दया यावी असा प्रकार. आणि हे फक्त मलाच वाटलं असं नाही, जॉन लॉक, तोच इंग्लंडचा तत्त्वज्ञ, १६७७ मध्ये खास ही बाग बघायला आला होता आणि त्यानं पण टिपून ठेवलं की पांढरी रेती आणि त्यात खडे, बघून वाटावं की इथं काहीच उगवणार नाही. आणि त्यानं अजून एक टिपलं, जे मला जास्त आवडलं, की या वाइनचे भाव चढलेत ते इंग्रजांमुळे, पैसेवाले इंग्रज वाट्टेल त्या भावाला चांगली वाइन पाठवा म्हणून ऑर्डर देतात. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीच हे सगळं चालू होतं.

तर ते गोटे. गोट्यांमुळे पाणी उभं राहत नाही, मुळांना खाली खोल जावं लागतं, दिवसभर दगड तापतात आणि संध्याकाळनंतर ती ऊब हळूहळू वेलीला देत राहतात. आता भोवती शहर आल्यामुळे तर अजूनच गरम, म्हणून आजूबाजूच्या मोठ्या शातोंपेक्षा इथली तोडणी बहुतेक वेळा आधी सुरू होते. वेलीला थोडं कमी खायला मिळालं की मणी बारीक राहतो, साल जाड होते, आणि रेड वाइनचा रंग, तुरटपणा, सगळा जीव त्या सालीत असतो. म्हणजे आमच्या धंद्याच्या बरोबर उलटं. आम्हाला मणी पाहिजे अठरा एमएम, साल पातळ, कडक कुरकुरीत, बी नको. त्यासाठी जीएचे डिप द्यायचे, म्हणजे मणी फुगवणाऱ्या औषधात घड बुडवायचे, विरळणी करायची, बायांचे हात चालून चालून दुखतात. आणि इथं मेर्लो आणि काबर्ने सोविन्यों, थोडी काबर्ने फ्रां, मणी बघितला तर आमचा व्यापारी बॉक्समधून उचलून बाजूला फेकेल.

वाइनच्या गोष्टी सांगताना लोक नेहमी जमीन, हवा आणि जादू यावरच येऊन थांबतात, मला ते अर्धंच पटतं. असे गोटे बोर्दोच्या या भागात, ज्याला ग्राव म्हणतात, त्या सगळ्या पट्ट्यात आहेत. मग हीच बाग का? तर माझं मत असं झालंय की या बागेच्या मालकांनी एक गोष्ट बाकीच्यांच्या आधी केली, त्यांनी बागेचं नाव विकलं.

१५२५ मध्ये जाँ द पोंताक नावाच्या माणसाचं लग्न झालं आणि बायकोच्या, जान द बेलोंच्या हुंड्यात ओ-ब्रियोंची जमीन आली. (जमिनीचं नाव त्याच्याही आधीच्या, १५२१ च्या वाइनच्या एका व्यवहाराच्या कागदात आहे.) मग त्यानं आजूबाजूचं घेत घेत १५४९ च्या सुमारास शातो बांधला, जो आजही लेबलवर छापतात. हा गडी १०१ वर्षं जगला, तीन लग्नं, पंधरा मुलं. १५८९ मध्ये गेला. सुरुवात करणारा माणूस इतका टिकला की बागेला पण सवय लागली असणार टिकायची.

पण खरा धंदेवाला निघाला तो पुढच्या शतकातला आर्नो द पोंताक. तोपर्यंत बोर्दोची वाइन म्हणजे इंग्लंडात नुसती क्लॅरेट. फिकट लाल, पिंपात भरून बोटीनं जायची, कोणाच्या बागेची, कुठली, काही पत्ता नाही, सगळी एकत्र, आणि पुढचा उन्हाळा आला की आंबायला लागायची म्हणून तोपर्यंत पिऊन संपवायची. पोंताकांनी वाइन जास्त काळजीनं केली, पिंपातला गाळ खाली बसला की वरची वाइन काढून दुसऱ्या पिंपात घ्यायची, पिंप कमी झालं की वरून भरत राहायचं म्हणजे हवा लागत नाही, त्यामुळे ती गडद झाली आणि टिकायला लागली. आणि मग ती क्लॅरेट म्हणून न विकता जागेच्या नावानं विकली. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स, त्याच्या तळघराच्या १६६० च्या नोंदीत या वाइनच्या १६९ बाटल्या सापडतात, स्पेलिंग भलतंच, पण नाव हेच. १० एप्रिल १६६३ ला सॅम्युएल पीप्स, डायरीसाठीच प्रसिद्ध असलेला इंग्रज, लंडनमध्ये लोम्बार्ड स्ट्रीटवरच्या रॉयल ओक नावाच्या गुत्त्यात गेला आणि त्यानं डायरीत लिहून ठेवलं की एक फ्रेंच वाइन प्यायलो, आणि नाव लिहिलं, परत स्पेलिंग चुकवून, आणि पुढं म्हटलं की अशी वेगळीच चव आधी कधी घेतली नव्हती. विचार करा, नाव विचारलं असणार त्यानं वाढणाऱ्याला. म्हणजे नाव सांगणारा वाढपी तयार झाला होता.

तीन वर्षांनी लंडनला ती मोठी आग लागली, अर्धं शहर जळलं, आणि या आर्नोनं काय केलं, तर पोराला पाठवून १६६६ मध्येच तिथं एक झकास हॉटेल काढलं, पोंताक्स हेड. फ्रेंच जेवण आणि घरची वाइन. इतर ठिकाणी वाइन दोन शिलिंगला मिळायची तेव्हा यांची सात शिलिंग. लोक बोंबलायचे आणि यायचे. रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेची वार्षिक जेवणं तिथं व्हायची कित्येक वर्षं. ज्याला आज आपण ब्रँड, रिटेल, प्रीमियम प्रायसिंग असलं काय काय म्हणतो ते सगळं एका बोर्दोच्या न्यायाधीशानं, हो, हा माणूस मूळचा बोर्दोच्या पार्लमांचा, म्हणजे तिथल्या हायकोर्टाचा अध्यक्ष, त्यानं साडेतीनशे वर्षांपूर्वी करून ठेवलं.

मधला इतिहास मी भराभर सांगते कारण त्यात मालकच फार बदलतात. १७८७ मध्ये थॉमस जेफरसन आला, तेव्हा तो अमेरिकेचा पॅरिसमधला राजदूत होता, त्यानं बोर्दोच्या सगळ्यात चांगल्या चार बागांत ओ-ब्रियों धरली आणि मेव्हण्याला पेट्या पाठवल्या. १७९४ मध्ये तेव्हाचा मालक जोसेफ द फ्युमेल गिलोटिनखाली गेला, क्रांती होती. १८०१ मध्ये तालेरां, नेपोलियनचा परराष्ट्रमंत्री, त्यानं विकत घेतली आणि १८०४ मध्ये विकून पण टाकली. तरी व्हिएन्नाच्या परिषदेत त्यानं कारेम या आचाऱ्याच्या जेवणाबरोबर ओ-ब्रियों वाढून युरोपचे राजे पटवले अशी कथा सगळीकडे सांगतात, परिषद १८१४ ची आणि बाग त्याच्या हातून जाऊन दहा वर्षं झालेली, त्यामुळे वाढली असेलही पण घरची म्हणून नाही. कथा चांगली असली की तारीख कोण बघतो.

१८५५ मात्र महत्त्वाचं. पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनला बोर्दोच्या वाइनची यादी पाहिजे होती, ती दलालांनी केली, चव घेत बसले नाहीत, वर्षानुवर्षं कुठल्या वाइनला काय भाव मिळतो ते वहीत बघितलं आणि त्यावरून श्रेण्या लावल्या. पहिल्या श्रेणीत चार: लाफित, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियों. (हो, लातूर. आपल्या लातूरशी काही संबंध नाही, मी पण हसले होते.) यादीतल्या बाकी सगळ्या लाल वाइन बोर्दोच्या उत्तरेकडच्या मेदोक पट्ट्यातल्या, बाहेरची एकटी हीच, कारण हिला वगळलं असतं तर यादीलाच कोणी विचारलं नसतं. तेव्हापासून पहिल्या श्रेणीत एकच बदल झाला, १९७३ मध्ये मूतों आली. बाकी तसंच. एकदा नाव लागलं की लागलं.

आणि नाव झाकलं की काय होतं ते पण सांगायला पाहिजे. १९७६ मध्ये पॅरिसला फ्रेंच परीक्षकांनी बाटल्या झाकून चव घेतली, त्यात १९७० ची ओ-ब्रियों पहिल्या चारांत आली, पण पहिली नाही. पहिली आली कॅलिफोर्नियाची स्टॅग्ज लीप, १९७३ ची, म्हणजे काल परवाची पोरगी. फ्रान्समध्ये बराच थयथयाट झाला म्हणे. ओ-ब्रियोंचा भाव काही उतरला नाही.

मला मात्र सगळ्यात भिडलेली गोष्ट या राजेरजवाड्यांची नाही. ती आहे शहराची. विसाव्या शतकात बोर्दो वाढत वाढत पेसाकपर्यंत आलं, आजूबाजूच्या बागा एक एक करून प्लॉट झाल्या, जे नाशिकच्या भोवती गंगापूर रोडपासून ओझरपर्यंत आम्ही डोळ्यांनी बघतोय तेच. तेव्हाचा मालक आंद्रे जिबेर, त्याला काळजी ही की आपल्यामागं इथं बिल्डिंगी उठतील, म्हणून त्यानं बाग बोर्दो शहरालाच देऊ केली, अट एकच, इथं कायम बागच राहील असं लिहून द्या. नगरपालिकेनं नाही म्हटलं! मग विक्रीला काढली आणि १९३५ मध्ये क्लॅरेन्स डिलन या अमेरिकन बँकरनं घेतली, २३ लाख फ्रँकला. त्याचे वडील पोलंडहून टेक्सासला गेलेले ज्यू, मूळ आडनाव लापोव्स्की. किस्सा असा की तो दुसऱ्या बागा पण बघणार होता पण त्या दिवशी थंडी, धुकं, पाऊस, कंटाळला आणि हीच घेतली. खरं खोटं देव जाणे. आज त्याच घराण्यातला पणतू, लक्झेंबर्गचा प्रिन्स रॉबर्ट, कारभार बघतो. १९८३ मध्ये त्यांनी रस्त्यापलीकडची ला मिसियों ओ-ब्रियों पण घेतली, शेकडो वर्षांची भाऊबंदकी पैसे मोजून मिटवली.

मालक अमेरिकन पण बाग सांभाळली देल्मास घरानं, आजोबा जॉर्ज, मुलगा जाँ-बर्नार, नातू जाँ-फिलिप. जाँ-बर्नारचा जन्मच त्या वाडीतला. त्यानं १९६१ मध्ये स्टेनलेस स्टीलच्या टाक्या बसवल्या, एवढ्या जुन्या शातोत, लाकडाच्या टाक्या काढून, तेव्हा बोर्दोच्या बड्या घरांत असं कोणी करत नव्हतं, कारण आंबताना टाकीचं टेंपरेचर हातात पाहिजे. पुढं आपल्याच बागेतल्या वेली निवडून क्लोनचे प्रयोग सुरू केले, कुठल्या वेलीचा माल कसा, नोंदी ठेवायच्या आणि त्यातून नवी लागवड. बाटलीचा तो उतरत्या खांद्यांचा वेगळा आकार पण १९५८ च्या वाइनपासूनचा. म्हणजे जी परंपरा परंपरा म्हणतात तिच्यात दर पिढीला कोणीतरी काहीतरी तोडून नवीन केलंय. बरं, पायाखालची मुळं तरी फ्रेंच आहेत का? नाहीत. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा किडीनं फ्रान्सच्या बागा खाल्ल्या, तेव्हापासून खाली अमेरिकन खुंट आणि वर कलम. आमच्याकडे खाली डॉगरीज असतो, तोही अमेरिकनच.

चव. बाटली घेणं माझ्या बसकी बात नाही, ताजी बाटलीसुद्धा शेकडो युरोंची असते, पण बोर्दोत असे बार आहेत जिथं मशीनमधून मोठ्या वाइनचा एक घोट, म्हणजे औषधाच्या झाकणाएवढा, विकत मिळतो. तो घेतला. ग्लास बराच वेळ नुसता नाकाशी धरून बसले. फळाचा वास येतोच, काळसर, पण त्याच्या आधी येतो धूर. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा चार-पाचवर उतरतो तेव्हा मणी तडकू नयेत म्हणून रात्रभर बागेत शेकोट्या पेटवतात, आणि सकाळी तात्या घरात आले की त्यांच्या घोंगडीला जो वास असतो, गार धुराचा आणि ओल्या मातीचा आणि तंबाखूचा थोडा, तो. तोंडात गेल्यावर तुरट, पण बोचत नाही, मखमलीवरून उलटा हात फिरवल्यासारखं काहीतरी, आणि गिळल्यावर पण बराच वेळ जात नाही. भारी होती का? भारी होती. त्या भावाची होती का, ते मला सांगता येणार नाही, कारण नाव आधीच वाचलं होतं ना.

रात्री तात्यांना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "एकरी माल किती निघतो?"

मी हिशोब करून सांगितला, बोर्दोतल्या असल्या बागा हेक्टरी चाळीसेक हेक्टोलिटर वाइन काढतात, म्हणजे एकरी सव्वादोन टनाच्या आसपास द्राक्षं. तिकडं लागवड इतकी दाट की हेक्टरी आठ हजारांच्या घरात वेली, म्हणजे एका वेलीला किलोभर पण नाही. आमच्या वेलींचं अंतर नऊ बाय पाच फूट, एकरी दहा टन कुठं गेले नाहीत.

"सव्वादोन टन? अगं मग काढून मका लाव म्हणावं."

ठिबक पण नाही म्हटल्यावर तर त्यांना ते सगळे आळशी वाटले. मग भाव सांगितला. मग जरा वेळ शांत. आमची द्राक्षं पण युरोपात जातात, नेदरलँड्स, जर्मनी. ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, प्लॉटची नोंद आहे, औषधाची रेसिड्यू टेस्ट होते, कुठल्या पेटीतला माल कुठल्या गटातला, सगळं कॉम्प्युटरवर सापडतं. इतका पत्ता ओ-ब्रियोंचा पण नसेल कोणाकडे. फक्त तो पत्ता तपासणाऱ्यासाठी आहे, खाणाऱ्यासाठी नाही. डब्यावर सुपरमार्केटचं नाव आणि खाली बारीक अक्षरात इंडिया. पोंताकच्या आधीच्या क्लॅरेटसारखीच आमची गत, सगळी एकत्र, बोटीत.

"मग आपण लावू ना नाव," तात्या म्हणाले, "पण पैसे कधी देतात त्यांना?"

हा खरा प्रश्न. दोन वर्षांपूर्वी आमच्या भागात एक व्यापारी बऱ्याच लोकांचा माल उचलून पसार झाला होता, त्यात तात्यांचे पण अडकलेत, त्यामुळे ते भावापेक्षा पेमेंट आधी विचारतात. मी सांगितलं की तिकडं तोडणी सप्टेंबरात, आणि पुढच्या वसंतात, वाइन अजून पिंपातच असते, बाटलीत भरायला वर्ष-दीड वर्ष बाकी असतं, तेव्हाच व्यापारी ती विकत घेतात आणि पुढं विकतात. आणि एखाद्या वर्षी भाव पटला नाही म्हणून घेतली नाही, तर पुढच्या चांगल्या वर्षी तुमचा कोटा गेला, म्हणून नाइलाजानं पण घेतात.

"म्हणजे माल तयार व्हायच्या आधी पैसे?"

"हो."

"आणि व्यापारी पळत नाही?"

पळत नाही पण अलीकडं बुडायला लागलाय, असं मी म्हटलं. हल्लीच्या वर्षांत गिऱ्हाईक घेईना, गोडाऊनं भरलेली. आणि बिननावाच्या बोर्दोचं तर विचारूच नका, त्याच जिल्ह्यात, ओ-ब्रियोंपासून गाडीनं तासाभरावर, साध्या शेतकऱ्याला सुट्या वाइनचा लिटरला एक युरो पण मिळेना, आणि २०२३ पासून सरकार पैसे देऊन हजारो हेक्टर बागा उपटायला लावतंय. उपटून सरपणासारखे खोडांचे ढीग लावलेत रस्त्याकडेला, ते मी बघितले.

तात्यांनी विचारलं, "हेक्टरी किती देतात उपटायला?"